आतून कडी

अक्कांनी घर बघायला एकटीनं जायचं ठरवलं होतं, म्हणूनच त्या दिवशी त्यांच्याबरोबर आणखी तिघं निघाली.

भाऊ निघाला, कारण बहिणीला कुणी फसवू नये. भावजय निघाली, कारण तिच्या मते तिच्या नवऱ्याला कुणीही फसवतं. आणि मेहुणे, म्हणजे अक्कांच्या धाकट्या बहिणीचे यजमान, निघाले कारण कुठंतरी घर विकायला आहे असं कानावर पडलं की त्यांना स्वतःच्या घरात बसवत नाही. मेहुण्यांनी स्वतःचं घर घेतलं तेव्हा बोटांनी टकटक करून एकूण एक भिंत पारखली होती. छत तेवढं पारखायचं राहिलं. आता पाऊस सुरू झाला की त्यांच्या घरात बादल्या मांडाव्या लागतात, आणि तेवढ्या अनुभवावर ते बाकीच्यांना सल्ले देत फिरतात.

"एक लक्षात ठेवा," वाटेत त्यांनी सगळ्यांना बजावलं, "घर कितीही आवडलं तरी तोंड वाकडंच ठेवायचं. मालकाला कळता कामा नये. काय अक्का?"

"माझं तोंड मुळातच तसं आहे," अक्का म्हणाल्या आणि भराभरा पुढं चालू लागल्या.

अक्कांचं चालणं हे असंच. मोठ्या दवाखान्यात सगळी नोकरी नर्स म्हणून केलेली, त्यामुळं हळू चालणं म्हणजे कामचुकारपणा हे अंगात भिनलेलं. निवृत्त झाल्या तरी बाजारात भाजी घ्यायलासुद्धा त्या अशा निघत की लोक आपसूक बाजूला होत. आवाज मात्र कधी चढायचा नाही. वॉर्डात कुणी ऑपरेशनच्या भीतीनं थयथयाट करायला लागलं की डॉक्टर म्हणायचे, "अक्कांना बोलवा." अक्का यायच्या, पेशंटच्या उशाशी उभ्या राहून चादरीचा कोपरा गादीखाली घट्ट खोचायच्या, आणि काय बोलायच्या कुणास ठाऊक, पण माणूस गप्प व्हायचा.

अशा या बाईला आयुष्यात एक गोष्ट कधी मिळाली नव्हती. बंद करता येईल असं दार.

हे ऐकायला विचित्र वाटेल, पण हिशेब अगदी साधा होता. लहानपणी दोन खोल्यांत सगळी भावंडं एका रांगेत झोपायची, आणि सगळ्यांत मोठी म्हणून अक्का कडेला. मग नर्सिंगचं हॉस्टेल, तिथं चार खाटांची खोली. मग क्वार्टर्स, तिथं एक मैत्रीण सोबतीला होती. ती स्वभावानं लाख होती, पण झोपेत मोठमोठ्यानं भांडायची, आणि सकाळी उठल्यावर अक्कांनाच विचारायची, "मी जिंकले का गं?" पुढं आई आजारी पडली आणि अक्का भावाकडं राहायला आल्या. आई गेली, भावाची मुलं मोठी झाली, मुलांना खोली लागली, आणि अक्कांची खाट हॉलमध्ये आली. हॉल म्हणजे सगळ्यांचा रस्ता. रात्रपाळी करून अक्का दिवसा झोपायच्या तेव्हा त्यांच्या उशाशी टीव्ही चालू असायचा, पायाशी कुणीतरी मोजे शोधत असायचं. तक्रार त्यांनी कधी केली नाही. तक्रार करावी असं कुणी वागलंही नव्हतं. सगळी माणसं प्रेमाची होती, आणि खरी पंचाईत तीच होती.

घरात आतून कडी असलेली एकच जागा, न्हाणीघर. तिथंही आत जाऊन जरा श्वास घेतला की बाहेरून हाक यायची, "अक्का, झालं का?" नोकरीत असताना त्यांनी एक चोरवाट शोधून काढली होती. धुतलेल्या चादरी ठेवायच्या खोलीत जायचं, दार लोटायचं आणि घड्या केलेल्या चादरींच्या मध्ये क्षणभर नुसतं उभं राहायचं. निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी विचारलं, "अक्का, दवाखान्यातलं काय आठवेल हो?" तेव्हा त्या "माणसं" असं म्हणाल्या खऱ्या, पण मनात ती चादरींची खोली होती.

निवृत्तीनंतर हाती जी रक्कम आली तिच्यावर घरात बेत शिजू लागला. भावानं मोठ्या हौसेनं एका नव्या इमारतीचा नकाशा आणून जेवणाच्या टेबलावर पसरला. त्याचे आणि अक्कांचे पैसे एकत्र केले की सगळ्यांना पुरेल असं मोठं घर येत होतं.

"ही बघ, ही खास तुझी खोली," भाऊ बोट ठेवून म्हणाला. त्याचा चेहरा आनंदानं फुलला होता.

अक्का बघत असतानाच भावजय म्हणाली, "पाहुणे आले की त्यांनाही तिथंच घालता येईल." मोठा पुतण्या म्हणाला, "परीक्षेच्या वेळी मी आत्याच्या खोलीत बसणार हं." मग इस्त्रीचं टेबल कुठं ठेवायचं हा प्रश्न निघाला, आणि त्याचंही उत्तर तेच निघालं. अक्का मूग गिळून गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी जुन्या ओळखीतल्या एका नर्सला फोन केला आणि एकट्या माणसाला पुरेल असं एखादं छोटं घर आहे का म्हणून विचारलं.

ते हे घर. जुन्या दुमजली इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पुढं बैठकीची खोली, बाजूला स्वयंपाकघर आणि मागं एक झोपायची खोली. मालकीणबाई साठी उलटून बऱ्याच पुढं गेलेल्या, एकट्या राहणाऱ्या. आता लेकीकडं दुसऱ्या गावी कायमच्या जाणार होत्या. अर्धं सामान खोक्यांत गेलं होतं. त्यांनी दार उघडलं, चार माणसं बघून जरा चमकल्या, मग हसून म्हणाल्या, "या, या. फोनवर तुम्ही एकट्याच येणार म्हणाला होता."

"मीही तसंच म्हणाले होते," अक्का म्हणाल्या.

"एक आधीच सांगते. काल एक जोडपं दुसऱ्यांदा येऊन गेलं. आज संध्याकाळी हो-नाही कळवतो म्हणालेत. पण तुमचं आधी ठरलं तर मला तुम्हालाच द्यायला आवडेल. तेवढं आत्ताच सांगितलंत तर बरं."

हे ऐकून अक्का भराभरा आत शिरल्या. मेहुण्यांनी मात्र "हे सगळे असंच म्हणतात" अशा अर्थाची भुवई उडवली आणि कामाला लागले. घरातले सगळे नळ त्यांनी एकदम सोडले. भिंतींवर टकटक सुरू झाली. "पोकळ वाटते," ते प्रत्येक भिंतीजवळ म्हणत. भावजयीला तोंड वाकडं करायचं नाटक करावं लागलंच नाही. स्वयंपाकघर तिला अंधारं वाटलं, जिना उभा वाटला, आणि बैठकीची खोली तर, "आपण सगळे एकदम आलो तर बसायचं कुठं?"

"सगळे एकदम कशाला येता?" असं अक्कांच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तेवढ्यात भाऊ म्हणाला, "अक्का, खरं सांगू? मला नाही आवडलं. एकटी राहणार तू इथं? काही झालं तर कुणाला हाक मारशील?"

हे त्यानं अगदी काकुळतीनं विचारलं. वाद घालणारा माणूस त्यांना चालला असता. माया करणाऱ्यापुढं त्या दरवेळी हरत आल्या होत्या. "मागची खोली बघून येते," एवढंच म्हणून त्या आत गेल्या, आणि आपण काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी दार लावलं आणि आतून कडी सरकवली.

खरं तर त्यांना एवढंच बघायचं होतं, की कडी लागते का. कडी लागली. चांगली खाडकन लागली. बाहेरचे आवाज अर्ध्यावर आले. अक्का दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि त्यांना उगाचच हसू आलं.

खोलीत सामान फार नव्हतं. एक खाट, गुंडाळून ठेवलेली गादी, एक टेबल आणि मागच्या गल्लीवर उघडणारी खिडकी. खाली सायकलवाल्याचं दुकान होतं, तो चाक फिरवून फिरवून कान लावून ऐकत होता. दुपारचं ऊन खाटेच्या पायापर्यंत आलं होतं. अक्कांनी मनातल्या मनात टेबल खिडकीखाली सरकवलं, मग परत होतं तिथं ठेवलं. विचारायला कुणी नव्हतं. पुन्हा खिडकीखाली सरकवलं.

मग त्या दार उघडायला वळल्या, तर कडी हलेना.

त्यांनी जोर लावला. दोन्ही हातांनी लावला. कडी ढिम्म. तेवढ्यात बाहेरून भावजयीची हाक आली, "अक्का? दार का लावलंत?"

"लावून बघितलं," अक्का म्हणाल्या. "आता उघडत नाहीये."

झालं! बाहेर एकच गोंधळ उडाला. तिघांची सहा पावलं दाराशी येऊन थडकली. भावानं दार ढकललं, मेहुण्यांनी दारावर टकटक केली आणि "हे मात्र भरीव आहे" असा निर्वाळा दिला.

"अक्का, घाबरू नका," भावजय ओरडली. "खोल श्वास घ्या! अहो, त्यांना बीपी आहे ना?"

"मला नाही, तुला आहे," अक्का आतून म्हणाल्या. "तू बस आधी. कुणीतरी तिला पाणी द्या."

"माझीच चूक," मालकीणबाईंचा आवाज आला. त्या बिचाऱ्या अगदी ओशाळल्या होत्या. "ती कडी गंजली असणार. मी कधी लावलीच नाही हो ती. एवढी वर्षं एकटीच राहते. कुणासाठी लावू? सगळं घरच माझं."

अक्कांचा कडीवरचा हात तसाच राहिला. असंही असतं हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्या आयुष्यभर एका कडीची आस धरून बसल्या होत्या, आणि या बाईला कडीची गरजच पडली नव्हती. हे घर आपल्याला हवं आहे, हे त्या क्षणी त्यांना लख्ख कळलं. फक्त हे बाहेरच्या तिघांना कोणत्या तोंडानं सांगायचं तेवढं कळेना.

"मी सुतार घेऊन येतो," मेहुण्यांनी जाहीर केलं. "माझ्या ओळखीचा आहे. माझ्या घराचं काम त्यानंच केलंय."

"मग दुसरा कुणी आणा," भाऊ म्हणाला. पण मेहुणे तोवर जिना उतरून गेले होते.

अक्कांनी पर्स उघडली. त्यांच्या पर्समध्ये हाताला लावायच्या क्रीमची छोटी डबी कायम असायची. दिवसातून असंख्य वेळा साबणानं हात धुवून धुवून नर्सच्या हातांची काय दशा होते ते नर्सलाच माहीत. त्यांनी बोटभर क्रीम कडीला चोळलं, वरखाली हलवलं, जरा थांबल्या, पुन्हा हलवलं. आणि कडी लोण्यासारखी सुळ्ळकन सरकली.

आता खरं तर "उघडलं बरं का!" म्हणून बाहेर यायचं. अक्कांनी दाराच्या मुठीवर हात ठेवलाही. पलीकडं भावजय मालकीणबाईंना सांगत होती, "आम्ही मोठं घर घेतोय सगळे मिळून. अक्कांची स्वतंत्र खोली आहे त्यात. हे आपलं त्यांच्या मनात आलं म्हणून बघायला आलो."

अक्कांनी कडी परत होती तिथं सरकवली. अगदी हळू, आवाज न करता, वॉर्डात रात्री औषधाचं कपाट लावावं तशी.

आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्या ओळखीच्या कुणालाही खरं वाटलं नसतं. त्यांनी चपला काढल्या, गादी उलगडली आणि भरदुपारी, परक्याच्या घरात, खाटेवर आडव्या झाल्या. आधी सवयीनं कडेला. मग जरा मध्ये सरकल्या. मग पूर्ण मध्ये आल्या आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरले. पाच मिनिटं, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खाली सायकलचं चाक फिरत होतं. त्या आवाजात एक लय होती, आणि अक्कांचा डोळा लागला.

बाहेर काय चाललं असेल याची त्यांना शुद्ध नव्हती. जाग आली ती भावाच्या आवाजानं. तो दाराशी खाली बसून, फळीला अगदी तोंड लावून बोलत होता.

"अक्का, बोलत का नाहीस गं? अक्का! हे बघ, सुतार येतोच आहे. तू नुसतं हूं म्हण."

अक्का तोंड उघडणार, तोच तो पुढं बोलू लागला, आणि त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून त्या थांबल्या.

"मला माहितीय तू रागावली आहेस. नकाशात तुझी खोली दाखवली तेव्हा तू काही बोलली नाहीस, तेव्हाच मला कळलं. पण मी आंधळ्याचं सोंग घेतलं. कारण सांगू? तू हॉलमध्ये झोपलेली असतेस ना, तेव्हा मला शांत झोप लागते. आई गेल्यापासून. रात्री पाणी प्यायला उठतो, तू दिसतेस, मग वाटतं, आहे, सगळं ठीक आहे. माझे केस पिकले गं, पण तू गेलीस की मला भीती वाटणार. त्याच्यासाठी मी तुला रस्त्यात झोपवलं एवढी वर्षं."

अक्का खाटेवर उठून बसल्या. डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं, त्यांनी ते पदरानं पुसलं, परत आलं, परत पुसलं. त्याला जवळ घ्यावं असं त्यांना वाटलं. बाहेर जाऊन म्हणावं, वेड्या, मी कुठं जातेय, घे तुझं मोठं घर, ठेव तुझं इस्त्रीचं टेबल. आतापर्यंत दरवेळी त्यांनी हेच केलं होतं. त्या दारापर्यंत गेल्या. हात कडीवर गेला.

पण त्यांनी दार उघडलं नाही. त्या दाराला टेकून खाली जमिनीवर बसल्या, म्हणजे पलीकडं तो बसला होता तिथंच, मध्ये फक्त फळी.

"ऐकतोयस का?" त्या म्हणाल्या.

"अक्का! बरी आहेस ना?"

"झोपले होते."

"झोपली होतीस?"

"छान झोप लागली. अरे, मी रागावले नाहीये. तुझ्यावर मला कधी रागावताच आलं नाही, हीच माझी अडचण. मी इथं मजेत आहे. इतकी मजेत आहे की माझी मलाच लाज वाटतेय. आणि ती कडी ना, मघाशीच निघालीय."



"मघाशी म्हणजे कधी?" भावजयीनं विचारलं.

"तू मोठ्या घराचं सांगत होतीस ना, त्याच्या जरा आधी."

भावजयीनं "अगं बाई" म्हणून तोंडावर हात ठेवला असणार, कारण पुढचे शब्द ऐकू आले नाहीत. भाऊ काहीच बोलेना. आपण फारच दुखावलं का त्याला? मग फळीच्या पलीकडून खुसखुस ऐकू आली, ती वाढली, आणि भाऊ असा काही हसू लागला की त्याला ठसका लागला. हसता हसताच मध्ये एकदा त्यानं नाक ओढलं, ते अक्कांना बरोबर ऐकू आलं.

"म्हणजे तू आत लपून बसली होतीस?" तो कसाबसा म्हणाला. "या वयात?"

"लहानपणी लपायला जागाच कुठं होती?"

तो पुन्हा हसला.

"मी रात्री फोन केला तर घेशील?" मग त्यानं विचारलं. "म्हणजे उगाच. काही काम नसताना."

"जागी असले तर घेईन. झोपले असले तर नाही घेणार."

हे असं बोलणं अक्कांना नवीन होतं. बोलून झाल्यावर त्या वाट बघत राहिल्या. आभाळ कोसळलं नाही. खाली सायकलवाला कुणाशी तरी दोन रुपयांवरून हुज्जत घालत होता.

"बरं," भाऊ म्हणाला. तो उठला, कपडे झटकले, घसा खाकरला, आणि मालकीणबाईंकडं वळून घरच्या कर्त्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "त्या जोडप्याला नाही म्हणून कळवा बाई. घर घेतलं आम्ही."

"आम्ही नाही रे," आतून आवाज आला. "मी घेतलं."

आणि अक्कांनी कडी काढली.